तीन पायलट, तीन मेकॅनिक

आधी एक कबुली. ‘कर्जतला आमचं फार्महाउस आहे’ असं मी गेली सहा वर्षं ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या सगळ्यांना सॉरी. ते फार्महाउस नाही. दहिवलीत माझ्या मामाचं घर आहे. तीन खोल्या, मागे एक आंबा, दारात मामीची तुळस आणि वर गच्ची. गच्ची मात्र ए-वन! एका बाजूला माथेरानचा डोंगर, दुसऱ्या बाजूला घाटाची भिंत आणि रात्री मुंबईत कधीच न दिसणारं आभाळ.

तर दर दोन-तीन महिन्यांनी आमची गँग तिथे धडकते. शनिवारी सकाळची कर्जत लोकल, उतरल्या उतरल्या वडापाव, दुपारी उल्हास नदीत पाय सोडून बसायचं, रात्री गच्चीवर गाद्या टाकून गप्पा आणि रविवारी संध्याकाळी ‘उद्या मंडे यार’ म्हणत परत. थंडीत मामी पोपटी लावते. मामा वर चहा आणून देतो, ‘आवाज कमी ठेवा रे’ म्हणतो आणि खाली निघून जातो. सहा वर्षं आमच्यासाठी मामा म्हणजे गच्चीची चावी. तो विमानांच्या कंपनीत ‘काहीतरी’ होता, एवढं मला ठाऊक होतं. ‘काहीतरी’ म्हणजे काय? लोकांना प्रश्न विचारून पोट भरणाऱ्या मी हा प्रश्न घरात कधीच विचारला नव्हता.

गेल्या लाँग वीकेंडला विचारला. कारण तेव्हाच कळलं की एप्रिलमध्ये मामा-मामी हे घर विकून लेकीकडे चाललेत. कॅनडाला, मिसिसागात. कायमचे.

रात्रीचे दहा वाजले होते. पोपटीचं मडकं उपडं करून झालं होतं, वालाच्या शेंगांचा वास अजून हवेत होता. डोक्यावरून एक लुकलुकणारा ठिपका गेला. आमच्यातल्या आयटीवाल्यानं लगेच मोबाइल वर धरला. विमान कुठलं, कुठे चाललंय ते सांगणारं अॅप असतं ना, ते. अॅप उघडेपर्यंत मामा चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाला, ‘‘एटीआर आहे. पंखेवालं.’’

अॅपनं दहा सेकंदांनी तेच सांगितलं.

‘‘मामा, आवाजावरून?’’

‘‘छत्तीस वर्षं कान त्यातच गेले माझे,’’ तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला. पण तेवढ्यात आमच्या एचआरवालीनं एक फॉरवर्ड वाचायला घेतलं होतं. तुम्हालाही आलंच असेल ते. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ मध्ये, शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं आणि इंग्रजांनी ते दडपून टाकलं, वगैरे. खाली तिरंगा आणि ‘खरा भारतीय असशील तर पुढे पाठव’.

‘‘किती भारी ना?’’ ती म्हणाली.

मामा तिसऱ्या पायरीवर थांबला. ‘‘लॉगबुक कुठाय?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘विमान उडालं ना? मग कुठल्या तारखेला, किती वाजता, कोणतं इंजिन, कोणी तपासलं, कोणी उडवलं, किती वेळ? हे लिहिलेलं कुठाय?’’

एचआरवाली गप्प. मी मोबाइलवर शोधलं. तळपदे हे गृहस्थ खरेच होऊन गेले, विमानविद्येचा ध्यास त्यांना होता, हेही खरं. पण त्या उड्डाणाची त्या वेळची विश्वास ठेवावी अशी नोंद नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा दाखला त्याबरोबर दिला जातो, तो विसाव्या शतकात सांगून लिहवून घेतलेला. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये त्यातल्या विमानांची तपासणी केली आणि ही विमानं उडूच शकत नाहीत, असा निष्कर्ष काढला. त्या कथेवर २०१५ मध्ये हिंदी सिनेमा आला, तरी लॉगबुक काही सापडलं नाही.

‘‘माणसाला मोठं करायला खोटं कशाला लागतं?’’ मामा म्हणाला. ‘‘खरं काम केलेली माणसं काय कमी आहेत?’’

आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच तो गच्चीवर बसला.

पाना सापडेना

मामा सांताक्रूझच्या हँगरमध्ये टेक्निशियन होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईलच. अठराव्या वर्षी अप्रेंटिस म्हणून लागला आणि तिथूनच रिटायर झाला. कामाचे तास म्हणजे मुख्यतः रात्रीचे. तुम्ही-आम्ही सकाळी सहाच्या फ्लाइटला डोळे चोळत चढतो, त्याच्या आधी रात्रभर त्या विमानाखाली टॉर्च घेऊन कोणीतरी पालथं पडलेलं असतं. तो ‘कोणीतरी’ म्हणजे मामा.

त्याचं सगळं जग एका नियमावर चालायचं. सही केल्याशिवाय विमान उडत नाही. चाक बदललं, सही. तेल भरलं, सही. पायलटनं लिहिलेली तक्रार दुरुस्त केली, सही. तपासणाऱ्यानं तपासलं, त्याची वेगळी सही. उद्या काही बिघडलंच, तर त्या कागदावरून थेट माणसापर्यंत पोहोचता येतं.

‘‘आमच्याकडे ‘टीमवर्क’ म्हणून सुटता येत नाही,’’ मामा म्हणाला. (आमच्यातले तिघं टीम लीड आहेत. तिघांनीही चहात बघितलं.)

मग त्यानं एका रात्रीची गोष्ट सांगितली. काम संपलं, हत्यारं मोजली, तर एक पाना कमी. बोटाएवढा. पेटीत ज्या हत्याराची जागा रिकामी, ते विमानात राहिलं असं धरूनच चालायचं, हा नियम. सकाळचं विमान, प्रवासी यायची वेळ, वरचे साहेब घड्याळ बघतायत. मामानं सांगितलं, पाना मिळत नाही तोवर विमान सोडू नका. पुन्हा सगळी झाकणं उघडली. चार माणसं, दोन तास. शेवटी पाना मिळाला. कुठे? मामाच्याच डब्याच्या पिशवीत! चुकून पडलेला. विमान उशिरा सुटलं, मामाला मेमो मिळाला.

‘‘चूक तुझी आहे हे तू सांगितलंस?’’ मी विचारलं.

‘‘लिहिलं. सही केली.’’ मामा म्हणाला. ‘‘न सांगता पिशवी उचलून घरी आलो असतो, तर कुणालाच कळलं नसतं. पण ते विमान मग कुणी कशाच्या भरवशावर सोडलं असतं?’’

नकाशावर एक पट्टी

मामानं खालून एक जुना ॲटलस आणि पट्टी आणली. पट्टीचं एक टोक जुहूवर ठेवलं, दुसरं पुण्यात येरवड्यावर. ‘‘बघ, मधे काय येतं.’’

मधे आम्ही येत होतो. पट्टी बरोब्बर कर्जत आणि खोपोलीच्या मधून जात होती. आपली ती खोपोली लोकल जिथे केळवली, डोळवली करत रमतगमत जाते ना, तिथून. पुढे घाट, वर लोणावळा, मग पुणं. सगळं मिळून सव्वाशे किलोमीटर.

आता ही रेघ कशाला? तर ऐका. १५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा कराचीहून एका इंजिनाच्या पस मॉथ विमानात एकटे बसले. सकाळी साडेसहाच्या सुमाराला निघाले, अहमदाबादला थांबून पेट्रोल भरलं (ते बैलगाडीतून डब्यांत आलेलं!) आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. बरोबर प्रवासी शून्य. फक्त टपाल, सुमारे २५ किलो. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट हे टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. भारतातल्या नियमित विमानसेवेची ही सुरुवात. जेआरडी तेव्हा २८ वर्षांचे होते. म्हणजे माझ्याच वयाचे. असो, त्या विषयावर नको बोलूया.

पण त्या विमानसेवेकडे मुंबईत धड विमानतळही नव्हता. जुहूचा धावपट्टा म्हणजे समुद्रालगतची चिखलाची सपाट जमीन. पावसाळ्यात भरती आली की पट्टा पाण्याखाली! मग काय करायचे? खुद्द जेआरडींनीच नंतर ही आठवण सांगितली आहे. अख्खी विमान कंपनी बांधाबांध करून पुण्याला जायची. येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या एका मैदानावर. आणि अख्खी कंपनी म्हणजे किती? दोन विमानं, तीन पायलट, तीन मेकॅनिक.

‘‘तीन पायलट सांग,’’ मामा म्हणाला.

मी मोबाइल बघून सांगितलं. जेआरडी टाटा. नेव्हिल व्हिन्सेंट, जे १९४२ मध्ये युद्धकाळात इंग्लंडहून परतताना विमानासकट बेपत्ता झाले. होमी भरुचा.

‘‘आता तीन मेकॅनिक सांग.’’

गच्चीवर शांतता. लांबून मालगाडीचा आवाज आला.

मामा हसला. ‘‘गोष्टीत त्यांचा आकडा येतो. पण रेडिओ नाही, एकच इंजिन, खाली हा आपला घाट आणि वर पावसाळा. तो पायलट कुणाच्या भरवशावर वर जात असेल, सांग बरं?’’

चार प्लगची किंमत

इथे मला वाटलं, मामा आता जेआरडींवर घसरणार. श्रीमंताचं पोर, हौशी पायलट वगैरे. उलट झालं. मामाच्या देव्हाऱ्यात गणपतीखालोखाल जेआरडी आहेत.

‘‘त्या माणसाला प्लगची किंमत माहीत होती,’’ तो म्हणाला आणि १९३० ची गोष्ट सुरू झाली. आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी भारतातून निघाले. तिकडून सतरा वर्षांचा अॅस्पी इंजिनीअर निघाला. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अॅस्पी अडकून पडला होता, कारण त्याच्याकडे चालतील असे स्पार्क प्लग नव्हते. जेआरडींनी काय करावं? आपले जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला देऊन टाकले! अॅस्पी निघाला आणि काही तासांच्या फरकानं शर्यत जिंकला. पुढे तोच अॅस्पी १९६० मध्ये भारताचा हवाई दलप्रमुख झाला.

आपल्या ऑफिसात कोणी प्रतिस्पर्ध्याला मोबाइलचा चार्जर तरी देतं का?

१५ ऑक्टोबर १९८२ ला त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा कराचीहून एकटे निघाले आणि जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून जुहूला उतरले. त्या दिवशी जुहूच्या गर्दीत माझा मामाही होता. सुट्टी टाकून गेलेला.

‘‘कसे दिसत होते?’’ मी विचारलं.

‘‘खरं सांगू? मी त्यांच्याकडे नंतर बघितलं. आधी चाकाला ठोकळे लावायला धावलेल्या माणसाकडे बघत होतो. त्यानं ते नीट लावले की नाही, म्हणून!’’

काठी टेकणारी मुलगी

दोन वर्षांपूर्वी मामा लेकीकडे गेला होता, तेव्हा तिनं त्याला ओटावाचं विमानांचं संग्रहालय दाखवलं. लोक नायगाराचे फोटो आणतात, मामानं एका बाईचं नाव आणलं. एल्सी मॅकगिल.

कॅनडात पहिलं विमान २३ फेब्रुवारी १९०९ ला नोव्हा स्कोशियात एका गोठलेल्या तलावावरून उडालं. नाव ‘सिल्व्हर डार्ट’, पायलट जे. ए. डी. मॅकर्डी. त्यांचे पुतळे, तिकिटं सगळं आहेच. पण त्या देशानं १९७३ पासून विमान क्षेत्रातल्या मोठ्या माणसांची एक सन्मानसूची ठेवली आहे. आणि त्या सूचीत नुसते पायलट नाहीत. १९८३ मध्ये त्यात एल्सी मॅकगिलचं नाव आलं. ती इंजिनीअर. पोलिओमुळे तिला काठ्या घेऊन चालावं लागायचं. पायलट ती कधीच नव्हती. पण दुसऱ्या महायुद्धात कॅनडातल्या एका कारखान्यात तिच्या देखरेखीखाली हजारावर हरिकेन लढाऊ विमानं तयार झाली. स्वतःच्या डिझाइनच्या विमानाची चाचणी असली की ही बाई आत बसून वर जायची. आपण काढलेलं चित्र उडतंय का, ते बघायला.

अमेरिकेत आणखी पुढची गोष्ट. राइट बंधू सगळ्यांना माहीत असतात. त्यांच्या १९०३ च्या विमानाचं इंजिन त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकनं सहा आठवड्यांत बनवलं, हे किती जणांना माहीत असतं? आज तिथे पन्नास वर्षं विमानदुरुस्तीत घालवलेल्या मेकॅनिकला सरकारचा जो सन्मान मिळतो, तो चार्ल्स टेलरच्या नावाचा आहे. त्याचा जन्मदिवस, २४ मे, विमान मेकॅनिकांचा दिवस म्हणून पाळला जातो.

‘‘आणि तुला काय मिळालं, मामा?’’ आयटीवाल्यानं विचारलं. मामी तेवढ्यात शेंगांची सालं गोळा करायला वर आली होती. तीच बोलली. ‘‘शाल, नारळ आणि मानपत्र. मानपत्रात आडनाव चुकलेलं.’’

एक अक्षर. छत्तीस वर्षं रोज सही करणाऱ्या माणसाचं आडनाव. दुरुस्त करून देतो म्हणाले, ते राहूनच गेलं. (कळलं, कंपनीचं नाव का लिहीत नाही ते?) मामा मात्र म्हणाला, ‘‘अगं, घाईत होतं असं.’’ आणि मग, जरा थांबून, ‘‘हँगरमध्ये झालं नसतं.’’

पाटी कुणाची?

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे सन्मान कमी का होतात? मुळीच नाही. सन्मानाच्या बाबतीत आपण जगात एक नंबर. चौक, उड्डाणपूल, गल्ली, बसस्टॉप, कशालाही नाव देऊन दाखवतो. आणि मनापासून लक्षात ठेवायचं म्हटलं तर तेही जमतं. याच कर्जत तालुक्यातले भाई कोतवाल आणि हिराजी पाटील १९४३ च्या २ जानेवारीला सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या दिवशी आजही लोक थंडीत सिद्धगडाला जातात. कुणी बस पाठवत नाही, कुणी जेवण देत नाही. जातात.

विमानांच्या बाबतीत मात्र आपण नेमके विमानवाल्यांनाच विसरतो. वैमानिकाचं नाव विमानतळाला मिळाल्याचं चटकन आठवणारं उदाहरण भुवनेश्वरचं, बिजू पटनाईक यांचं. तेही मुख्यमंत्री होते म्हणून सोपं गेलं असावं. आमच्या रायगड जिल्ह्यात तर आता विमानतळच आलाय. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. नावासाठी आधी मोर्चे निघाले, दि. बा. पाटील यांच्या नावासाठी भूमिपुत्र रस्त्यावर उतरले. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या नेत्याचं नाव त्यांनी मागितलं, त्यात चूक काय?

मामाचं मागणं त्याहून पुष्कळ लहान आहे. ‘‘टर्मिनलला कुणाचंही नाव द्या. हँगरच्या आतल्या भिंतीवर एक फळा लावा. त्यावर नावं लिहा. बाहेरच्या कुणाला दिसला नाही तरी चालेल. नवीन पोरांना दिसला पाहिजे.’’

मग आम्ही सगळ्यांनी मिळून गच्चीवरच त्या फळ्याची यादी सुरू केली. मामाची अट एकच, लॉगबुक दाखवता आलं पाहिजे.

कॅप्टन सौदामिनी देशमुख. नोव्हेंबर १९८५ मध्ये कोलकाता ते सिल्चर, फोकर फ्रेंडशिप विमान, बरोबर सहवैमानिक निवेदिता भसीन आणि सगळा चमू बायकांचा. भारतातलं असं पहिलं उड्डाण. त्या काळी ‘बाई चालवतेय’ म्हटल्यावर रिक्षातूनसुद्धा लोक उतरत होते. मंजूर.

कॅप्टन अमोल यादव. कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधणारा माणूस. गच्चीवर! आम्ही गच्चीवर फार तर तंबू बांधू. २०१६ मध्ये बीकेसीच्या प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली. त्या एका कागदासाठी तो वर्षानुवर्षं खेटे घालत होता. मामानं त्याला डबल मार्क दिले. एक विमानाचा, एक कागदाचा.

आरोही पंडित. मुंबईची मुलगी. मे २०१९ मध्ये छोट्याशा लाइट स्पोर्ट विमानातून एकटी अटलांटिक ओलांडून कॅनडातल्या इकालुइटला उतरली. तशा विमानातून हे करणारी जगातली पहिली बाई. आणि १५ ऑक्टोबर २०२१ ला, जेआरडींच्या त्याच तारखेला, तिनं भुज ते जुहू उड्डाण केलं. जीपीएस न वापरता. वय पंचविशीच्या आसपास.

‘‘आणि तिच्या विमानाला सकाळी कोणी हात लावला, तेही लिहायचं,’’ मामा म्हणाला. यादी तिथे थांबली.

तेवीस किलो

रविवारी सकाळी मी मामाबरोबर माळा आवरला. तिथे त्याच्या डायऱ्या निघाल्या. छत्तीस वर्षांच्या छत्तीस. किराणा दुकानात दिवाळीला फुकट मिळतात तसल्या. रोज एक ओळ. तारीख, विमानाची शेवटची तीन अक्षरं, काम, सही. कुठे ‘ब्रेक बदलले’, कुठे ‘डाव्या इंजिनाला पक्षी’, कुठे ‘काही नाही, सर्व ठीक’. मुलगी झाली त्या दिवशीही ओळ आहे. आधी चाक, मग मुलगी.

‘‘ह्या रद्दीत द्यायच्यात,’’ मामा म्हणाला. ‘‘सामान माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा. मामीची भांडीच पन्नास किलो होतायत.’’

रद्दीवाला दारात आलाच होता. त्यानं काटा लावला. सव्वीस किलो. वर्तमानपत्राच्या भावानं.

माझ्या डोक्यात आदल्या रात्रीचा आकडा आला. पहिल्या विमानात २५ किलो टपाल होतं. त्याच्यावरून अख्ख्या देशाची विमानसेवा उभी राहिली. आणि जन्मभर दुसऱ्यांची विमानं वर पाठवणाऱ्या माणसाला स्वतःच्या सव्वीस किलो आयुष्यासाठी विमानात जागा नाही!

रद्दीवाल्याला मी फक्त जुने पेपर दिले. डायऱ्या माझ्या.

दुपारी खालापूरकडून एक मुलगा आला. विमानदुरुस्तीचा कोर्स करतोय, दुसऱ्या वर्षाला आहे. वडील एका कारखान्यात कामाला. त्याला कुणीतरी मामाचं नाव सांगितलं आणि गेले आठ महिने दर रविवारी तो खोपोली लोकलनं कर्जतला येतो. म्हणजे आम्ही गच्चीवर लोळत असायचो तेव्हा खालच्या खोलीत शाळा भरलेली असायची! मामानं त्याच्यापुढे आपली हत्यारांची पेटी ठेवली. प्रत्येक हत्याराच्या आकाराची जागा कापलेली. ‘‘मोज,’’ म्हणाला. मुलानं मोजली. बरोबर निघाली. ‘‘आता लिही.’’ मुलानं कागदावर लिहिलं, इतकी हत्यारं मिळाली, तारीख, सही. मामानं खाली सही केली. शाल नाही, नारळ नाही. मुलगा वाकून पाया पडला तेव्हा मामा खिडकीबाहेरच्या आंब्याकडे बघत होता.

निघताना मी म्हटलं, ‘‘मामा, मी या आठवड्याच्या कॉलममध्ये हे सगळं लिहू?’’

‘‘खाली नाव तुझं येणार ना?’’

‘‘हो.’’

‘‘मग तपासून लिही. सही आहे ती.’’

संध्याकाळी कर्जत स्टेशनवर दोन पिशव्यांत सव्वीस किलो घेऊन उभी होते. पुण्याकडे जाणारी एक्स्प्रेस लागली. इथे घाट चढायच्या आधी गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, बँकर. ती मागून ढकलतात म्हणून पुढचं इंजिन घाट चढतं. तेवढ्या वेळात सगळे प्रवासी वडापाव घेतात. मीही आजवर तेच केलंय. या वेळी पहिल्यांदाच फलाटाच्या शेवटापर्यंत चालत गेले आणि जोडणाऱ्या माणसाला बघितलं. त्यानं काम केलं, हात हलवला, गाडी गेली.

परतीच्या लोकलमध्ये खिडकी मिळाली. १९८२ ची डायरी काढली. १५ ऑक्टोबर. वाटलं होतं, ‘जेआरडींना पाहिलं’ असं काहीतरी मोठ्या अक्षरांत असेल. तर नेहमीसारखी एकच ओळ. ‘सुट्टी. जुहू. जेआरडी सुखरूप उतरले. ठोकळे नीट लावले.’

आणि पुढे कंसात एक नाव. गर्दी पांगल्यावर मामानं त्या माणसाला गाठून विचारलं असणार. नाव, आडनावासकट, स्वच्छ अक्षरात.

ते नाव आज इथे छापत नाही. आधी तपासते. मग सही करते.